पिंजूची वही

आपल्या घरात कधी ससा आला आहे काय? आला नसेल, तर मुलांच्या हट्टापायी पुढेमागे तो येण्याचा संभव आहे; आणि आला असेल, तर माझ्या या हकिगतीतील पुष्कळसा भाग आपणांस ओळखीचा वाटेल. सशाचे पिल्लू दिसावयास जितके गोजिरे, तितकेच त्याचे पोट नाजूक असते, ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर एका जिवाचे मोल देऊन मला ती शिकावी लागली नसती. म्हणूनच हे लिहावयास बसले आहे.

यजमानांच्या बदलीमुळे आम्ही तीन वर्षांपूर्वी चंदीगडला आलो. शहर आखीव, रस्ते रुंद, वस्ती सेक्टरांत वाटलेली. आमचे घर तळमजल्यावर असून पुढे थोडीशी हिरवळ आहे. सासूबाई गेल्यानंतर मामंजी वाईचे घर बंद करून आमच्याकडे राहावयास आले. कृष्णेच्या घाटावर ज्यांची सारी हयात गेली, त्यांना सुखना तलावाकाठी फिरावयास नेले तरी मन रमेना. बोलावयास मराठी माणूस नाही, आणि हिंदी बोलताना त्यांना संकोच वाटे. दिवसाकाठी दहा वाक्ये बोलले तर बोलले. आमची नऊ वर्षांची कन्या मात्र सहा महिन्यांत पंजाबी बोलू लागली.

गतवर्षी दिवाळी आटोपल्यावर तिच्या आग्रहास्तव आम्ही सशाची दोन पिल्ले विकत आणली. एक पांढरे, एक करड्या रंगाचे. पांढऱ्याचे नाव तिने ‘पिंजू’ ठेविले, कारण ते पिंजलेल्या कापसासारखे दिसे. करड्याला अद्याप नाव मिळावयाचे होते. विकणाऱ्याने दोन महिन्यांची आहेत असे सांगितले. ती जेमतेम पाच आठवड्यांची असावीत, हे आम्हांला पुढे कळले. आईचे दूध सुटून अंगी थोडी ताकद येण्यासाठी पिल्लाने निदान आठ आठवडे आईजवळ राहावे लागते. पण लहान पिल्लू लवकर खपते, आणि घेणाऱ्यालाही तेच हवे असते.

सशाविषयी आपल्याला काय माहीत असते? शर्यतीत झोपी जाणारा ससा, सिंहाला विहिरीत पाडणारा ससा, आणि चंद्राला शशांक हे नाव मिळवून देणारा ससा. यांपैकी एकाच्याही आहाराची चौकशी कथाकारांनी केलेली नाही. शिवाय आपल्या रानातला ससा आणि बाजारात मिळणारा पाळीव ससा हे एकाच कुळातील असले तरी निरनिराळे प्राणी आहेत. आपला रानससा बीळ करीत नाही. त्याचे पिल्लू केसांसह व उघड्या डोळ्यांनी जन्मते. पाळीव सशाचे पूर्वज युरोपच्या नैर्ऋत्येकडील स्पेन-पोर्तुगालच्या माळांवर बिळे करून राहणारे. त्यांची पिल्ले उघडी आणि आंधळी जन्मतात. आई त्यांना दिवसातून एकदा, फार तर दोनदा, काही मिनिटेच पाजते. तेथील खुरटे, कोरडे गवत हाच त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहार.

हे काहीही ठाऊक नसल्यामुळे आम्ही पिल्लांचा पाहुणचार आपल्या रीतीप्रमाणे केला. आपल्याकडे प्रेम म्हणजे आग्रह, आणि आग्रह म्हणजे खाणे. मी वाटीत दूध-पोळी कुस्करून दिली. कन्येने पंजाबातील लालभडक गाजरे किसून घातली. यजमानांनी केळ्याचा तुकडा पुढे केला, आणि पिल्लांनी तो इतक्या आवडीने खाल्ला की आम्ही टाळ्या पिटल्या. चौथ्या दिवशी सकाळी करडे पिल्लू कोपऱ्यात पाठीला पोक काढून बसलेले दिसले. त्याचे बूड ओले होते आणि ते दात करकर वाजवीत होते. हा दात वाजविण्याचा आवाज म्हणजे सशाचे कण्हणे होय, हे मला ठाऊक नव्हते. मला वाटले, थंडीने काकडत असेल.

मी ताकाचे चार थेंब पाजले, भाताची पेज पाजली. तरीही जुलाब थांबेनात, तेव्हा कपाटातील एक बाटली काढली. कन्येला खोकला झाला असता डॉक्टरांनी दिलेले अमॉक्सिसिलिनचे औषध त्यात थोडे उरले होते. लहान मुलाला चालते ते सशाला का चालू नये, असा विचार करून मी पाव चमचा औषध त्याच्या तोंडात घातले. दुसऱ्या रात्री पिल्लू गेले. त्याला नाव द्यावयाचे राहूनच गेले होते.

पिंजूलाही तीच लक्षणे दिसू लागताच आम्ही त्याला टोपलीत घालून पशुवैद्यांकडे धावलो. त्या बाई तरुण होत्या, बोलणे मोजके. त्यांनी प्रथम विचारले, “घरचे काही औषध दिलेत काय?” मी खरे ते सांगितले. त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या की, पेनिसिलिन वर्गातील औषध सशाला तोंडावाटे देऊ नये. त्याच्या पोटात अन्न आंबविणारे जे उपयोगी जंतू असतात ते त्या औषधाने मरतात, आणि त्यांच्या रिकाम्या जागी विष निर्माण करणारे दुसरे जंतू माजतात. करडे पिल्लू मूळच्या दुखण्याने गेले की माझ्या पाव चमच्याने, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, असेही त्या म्हणाल्या. त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर कदाचित बरे वाटले असते.

कन्येला हे सांगावे की न सांगावे, याचा मी दोन दिवस विचार केला, आणि सांगितले. ती काहीच बोलली नाही. संध्याकाळी पाहते तो औषधांच्या कपाटावर तिच्या अक्षरात एक कागद चिकटविलेला: ‘सशाला नाही.’ तो कागद अजून तेथे आहे.

सशाच्या पोटाची रचना पशुवैद्यबाईंनी कागदावर आकृती काढून मला समजाविली. ती आपणही समजून घ्यावी, कारण एकदा ती कळली की काय द्यावे आणि काय देऊ नये हे पाठ करावे लागत नाही. गाय रवंथ करते, कारण तिची आंबविण्याची व्यवस्था पोटाच्या आरंभी आहे. सशाची ती व्यवस्था शेवटी, म्हणजे लहान आतडे संपून मोठे सुरू होते तेथील पिशवीत आहे. या पिशवीला उंडुक म्हणतात. माणसात ती अगदी लहान असते. सशात मात्र जठराच्या कित्येक पट मोठी असून पोटाचा बराचसा भाग तिनेच व्यापलेला असतो. गवत चावून खाली आले की आतडे त्याची जणू चाळणी करते. भरड चोथा पुढे ढकलून कोरड्या, गोल लेंड्यांच्या रूपाने चटकन बाहेर टाकला जातो; बारीक अंश मागे उंडुकात पाठविला जाऊन तेथे आंबतो. त्यापासून दुसऱ्या प्रकारच्या, मऊ, चकचकीत, तुतीच्या फळासारख्या एकमेकींना चिकटलेल्या लेंड्या तयार होतात. ससा त्या बहुधा रात्री किंवा पहाटे, बाहेर पडतापडताच तोंडाने उचलून गिळतो. आपल्याला हे किळसवाणे वाटेल. परंतु जीवनसत्त्वे आणि प्रथिने या अन्नातूनच त्याला पुरेपूर मिळतात. त्यास ते खाऊ न देणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणेच होय.

आता आमच्या पाहुणचाराने काय केले ते पाहा. भरड चोथा हा या यंत्राला हलते ठेवणारा हात आहे. दूध, पोळी, केळे यांत चोथा जवळजवळ नाहीच. पीठ व साखर मात्र भरपूर. लहान पिल्लाला ती पुरती पचत नाहीत आणि तशीच उंडुकात उतरतात. तेथे नको ते जंतू त्यांवर पोसले जातात, वायू धरतो, जुलाब होतात. आईच्या दुधामुळे मिळणारे संरक्षण संपलेले, आणि स्वतःच्या पोटातील उपयोगी जंतूंचे बस्तान अद्याप नीट बसलेले नाही, असे हे वय असते. चार ते बारा आठवड्यांच्या दरम्यान सशाची पिल्ले दगावतात ती बहुधा यामुळेच. त्यात आणखी एक अडचण अशी की, सशाला ओकारी काढता येत नाही. जे आत गेले ते दुसऱ्या टोकानेच बाहेर यावे लागते. म्हणून सशाने दहा-बारा तास काहीच खाल्ले नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर ‘उद्या पाहू’ असे म्हणू नये. त्याच घटकेला पशुवैद्यांकडे न्यावे.

पिंजूच्या लेंड्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तेव्हा त्यात कॉक्सिडिया नावाच्या परजीवींची अंडी आढळली. लहान सशांत हे दुखणे फार. पाण्यातून सल्फा जातीचे औषध दिले आणि आठवड्यात पिंजू उड्या मारू लागला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच! मी चिडून विचारले, “औषध खोटे होते काय?” बाईंनी उलट मला विचारले, “पिंजऱ्याचा तळ कशाने धुता?” मी अभिमानाने सांगितले, “फिनेलने, दर रविवारी.” त्यावर त्यांनी जे सांगितले त्याने माझा अभिमान उतरला. विष्ठेतून पडलेली ही अंडी लागलीच रोग देत नाहीत. ओलाव्यात दोन-तीन दिवस पडून राहिली म्हणजे ती पक्व होतात, मग ससा त्यांनी माखलेले गवत खातो. ती फिनेलला दाद देत नाहीत, उकळत्या पाण्याने मरतात. तेव्हा आठवड्यातून एकदा घासूनपुसून केलेल्या सफाईपेक्षा रोजची साधी झाडलोट अधिक मोलाची. त्या दिवसापासून रोज सकाळी कागद बदलणे, एक दिवसाआड तळावर आधणाचे पाणी ओतून तो उन्हात वाळविणे, आणि गवत जमिनीवर न टाकता जाळीत अडकविणे, ही माझी नेमाची कामे झाली. थंडीत चंदीगडला कित्येक दिवस धुक्यामुळे ऊनच पडत नाही. तेव्हा तळ चुलीपाशी वाळवीत असे.

गवताचा प्रश्नही सोपा नव्हता. परदेशचे वाळलेले टिमोथी गवत दुकानात मिळते, पण ते महाग. बाईंनी सुचविले की वाळवलेली ओटाची वैरण किंवा हरळी उत्तम. जानेवारीत मात्र मला एक दुर्बुद्धी सुचली. पंजाबात हिवाळ्यात जिकडेतिकडे बरसीम डोलत असतो. इजिप्तमधून आलेले हे पीक आता येथल्या गाईम्हशींचा मुख्य हिरवा चारा आहे. सुखना तलावाजवळच्या कैंबवाला गावचा आमचा गवळी. त्याच्याकडून मी दवाने भिजलेल्या बरसीमची पेंढी आणवून पिंजूपुढे टाकली. संध्याकाळपर्यंत त्याचे पोट नगाऱ्यासारखे ताणले! पुन्हा टोपली, पुन्हा धावपळ, सुई, पोट चोळणे, रात्रभर जागरण. दुसऱ्या दिवशी गवळ्याला सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, “बीबीजी, ओला कोवळा बरसीम तर म्हशीचेही पोट फुगवतो. आम्ही त्यात तूडी मिसळल्याशिवाय घालीत नाही.” तूडी म्हणजे गव्हांडा. बरसीम हे मेथीच्या कुळातील द्विदल पीक. प्रथिने व चुना त्यात पुष्कळ, आणि भरड चोथा त्या मानाने थोडा. जे ज्ञान माझ्या दारात रोज दोन वेळा किटली घेऊन येत होते, ते विचारावयाचे मला सुचले नव्हते.

यानंतर पशुवैद्यबाईंनी मला वही घालावयास सांगितले. काय दिले, किती दिले, कोरड्या लेंड्या कशा होत्या, मऊ लेंड्या तशाच पडून राहिल्या काय, एवढे रोज लिहावयाचे. मऊ लेंड्या पिंजऱ्यात पडून राहणे ही पहिली सूचना असते: आहार अधिक कसदार होत आहे, म्हणून ससा त्यांना तोंड लावीत नाही. मी स्वयंपाकघरात एक यादी टांगली. वाळलेले गवत हवे तितके. मेथी-कोथिंबिरीच्या दोन काड्या, तीन महिन्यांचा झाल्यावर आणि एका वेळी एकच नवा जिन्नस. गाजराचा पाला चालेल, गाजर नको. बिस्कीट, पाव, पोळी, डाळ, दूध मुळीच नाही. यजमानांनी आणि कन्येने ती यादी निष्ठेने पाळली.

तरी फेब्रुवारीत वहीचे पान काही निर्मळ होईना. दोन दिवस ठीक, तिसऱ्या दिवशी पुन्हा मऊ लेंड्यांचा राडा, बूड घाण. परजीवी तपासले, नव्हते. दात तपासले, कारण सशाचे दात आयुष्यभर वाढत असतात, आणि ते वेडेवाकडे वाढले तर चर्वण नीट न होऊन पोट बिघडते. तेही ठीक होते. मी रडकुंडीस आले. अशा वेळी एका रात्री वही पुढून मागे चाळीत असताना सलग आठ दिवस एकही तक्रार नसलेले पान दिसले. त्या आठ दिवसांत काय वेगळे होते? गवत तेच, पाणी तेच, थंडी तशीच. मग तारखा पाहिल्या आणि ध्यानात आले: त्या आठवड्यात मामंजी दिल्लीला माझ्या नणंदेकडे गेले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी उठले. मामंजी रोज याच वेळी उठून आपला चहा आपणच करून घेतात, हे मला ठाऊक होते. व्हरांड्यात दिवा नव्हता. पिंजऱ्यापाशी मोढ्यावर ते शाल पांघरून बसले होते. एका हातात कप, दुसऱ्या हातात बिस्कीट. अर्धे त्यांचे, अर्धे पिंजूचे. आणि ते बोलत होते. वाईच्या घराच्या मागच्या विहिरीला यंदा पाणी किती असेल, कौले कोणी शाकारली असतील काय, सासूबाई हुरडा कसा भाजीत, असे काहीबाही. संथ, अगदी घरगुती मराठीत. गेल्या कित्येक महिन्यांत एवढी वाक्ये मी त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती. पिंजू बिस्किटाचा चुरा चाटीत कान उभारून बसला होता.

वाचकहो, मी तशीच परत फिरले. त्या दिवशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वही मात्र माझ्याकडे पाहत होती. शेवटी तिसऱ्या दिवशी दुपारी मी म्हणाले, “मामंजी, पिंजूला बिस्कीट सोसत नाही. त्याचे पोट त्यानेच बिघडते आहे.” त्यांचा चेहरा उतरला. “मला कोणी सांगितले नाही, सूनबाई,” एवढेच ते म्हणाले. आणि ते खरे होते. यादी स्वयंपाकघरात होती, आणि मामंजी स्वयंपाकघरात येत ते पहाटेच्या अंधारात. ती त्यांना वाचून दाखवावी असे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नव्हते. सशाशी त्यांचा काही संबंध असेल, हेच आम्ही गृहीत धरले नव्हते.

पुढचे चार दिवस ते पहाटे व्हरांड्यात गेले नाहीत. पिंजूचे पोट सुधारले, पण मला त्यात आनंद वाटेना. पाचव्या दिवशी कन्येनेच त्यांना विचारले, “आजोबा, हरळी म्हणजे कोणते गवत? आई म्हणते पिंजूला ते चालते, पण मला ओळखता येत नाही.” मी तिला शिकवून पाठविले नव्हते, हे येथे नमूद करते. ते तिला घेऊन हिरवळीवर गेले. हरळी म्हणजेच गणपतीच्या दूर्वा. तीन पात्यांची कोणती, जून झालेली कोणती, लव्हाळ्यापासून ती वेगळी कशी ओळखावी, हे तासभर चालले होते. जेथे कीडनाशक मारतात त्या सार्वजनिक बागेतील गवत आणू नये, आणि यंत्राने कापलेल्या गवताचा ढीग गरम होऊन आंबतो म्हणून तोही देऊ नये, एवढे मी खिडकीतून सांगितले. मामंजींनी मान डोलाविली आणि दुसऱ्या दिवशी वाळत घालण्यासाठी जुने धोतर मागून घेतले.

आता पिंजू सात महिन्यांचा आहे. मे महिन्यात चंदीगडचा पारा चाळीस अंशांवर जातो, आणि तिशीच्या वरची उष्णताही सशाला सोसत नाही. उकाड्याने तो खाणे टाकतो आणि मागून पोटाचे दुखणे येते. म्हणून त्याला आम्ही आतल्या खोलीत, कूलरपासून थोडे दूर, गार फरशीवर हलविले आहे. अंगोरा ससे पाळणाऱ्यांनी कुलूच्या खोऱ्यातील थंड हवा का निवडली, हे आता मला उमगते. पाण्याच्या जड वाडग्याकडे दिवसातून चार वेळा लक्ष द्यावे लागते. वही चालूच आहे. पण ती आता मी लिहीत नाही. परवा सहज उघडली तर मामंजींच्या शाळामास्तरी वळणदार अक्षरात नोंद होती: ‘पहाटे ५ वाजून १० मिनिटे. वाळलेली हरळी दोन मुठी. कोथिंबीर एक काडी. लेंड्या कोरड्या व गोल. मोजल्या, एकशे बारा. वाईस पाऊस झाल्याचे पत्र आले, ते वाचून दाखविले.’